आईचा फोल्डर

परवा लेकीसाठी नवा लॅपटॉप घेतला. खोकं उघडलं, पासवर्ड टाकला आणि चहा होईपर्यंत जुन्यातलं सगळं नव्यात येऊन बसलंसुद्धा. फोटो, शाळेचे प्रोजेक्ट, अर्धवट सोडलेली चित्रं, सगळं. लेक लॅपटॉप उचलून खोलीत निघून गेली. मला मात्र उगाचच राग आला. इतकं सुखासुखी मिळतं का कधी काही? आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या घरात वीस जीबीची डिस्क बदलून ऐंशी जीबीची घेतली, तर त्यापायी आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं आणि शेवटी जिन्यातल्या आठही घरांना त्यात पडावं लागलं.

साल दोन हजार चार. मी, श्रावस्ती गजभिये, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. मेट्रो अजून आमच्याकडे पोचली नव्हती, बाबा चार्टर्ड बसने ऑफिसला जात. नोएडात मॉल उघडले होते, गाझियाबादच्या बाजूला शेतांमधे रोज नव्या सोसायटीचा बोर्ड उगवायचा आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं गुडगावच्या कॉल सेंटरच्या गाडीत बसायची स्वप्नं बघत होती. आम्हीही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून को-ऑपरेटिव्ह सोसायटीतल्या स्वतःच्या फ्लॅटमधे आलो होतो. दुसरा मजला, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. समोरच्या बाल्कनीत कसलं लोणचं मुरतंय ते आमच्या बाल्कनीतून दिसायचं.

बाबा म्हणजे शामराव गजभिये, केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. वर्ध्याकडच्या खेड्यातून शिकून वर आलेला माणूस. कागद नीट ठेवला की माणसाला कुणी हलवू शकत नाही, यावर त्यांचा गाढ विश्वास. घरातल्या विजेच्या बिलांनाही नंबर असायचे. त्यामुळे नेहरू प्लेसहून कॉम्प्युटर जोडून आणला तेव्हा त्यांनी तोही सेक्शनसारखाच चालवायला घेतला. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, वेगळा पासवर्ड. ‘शामराव’ हे ॲडमिनिस्ट्रेटर, ‘प्रभावती’ आणि ‘श्रावस्ती’ ही लिमिटेड. मला साधा एक गेम टाकायचा असला तरी बाबांना हाक मारावी लागे. ते येत, चष्मा लावत, मला तोंड फिरवायला सांगत आणि एका हाताने कीबोर्ड झाकून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकत.

“अहो, ती तुमचीच पोरगी आहे,” आई स्वैपाकघरातून ओरडायची.

“प्रोसिजर इज प्रोसिजर,” बाबा म्हणायचे.

चिडचिड व्हायची माझी. आज त्या झाकलेल्या हाताची इतकी आठवण येते की काय सांगू.

कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त बसायची ती मात्र आई. प्रभावती गजभिये. लग्नाआधी वर्ध्याला तिने मराठी टायपिंगचा क्लास केला होता आणि मग वीस-बावीस वर्षं ती बोटं भाकरी थापण्यात गेली होती. दुपारी सगळं आवरलं की ती कॉम्प्युटरवरचं जुन्या साडीचं, झालर लावलेलं कव्हर काढायची, त्याची नीट घडी करायची, चपला दाराशी काढून ठेवायची आणि बसायची. मी कॉलेजातून येताना जिन्यातच तिचा टकटकाट ऐकू यायचा. न थांबता, न बघता टाइप करायची ती. मी शिकलेली असून दोन बोटांनी करायचे.

ती पुस्तक लिहीत होती. साठ-सत्तरच्या दशकात विदर्भ-मराठवाड्यातून आपली माणसं सरकारी नोकरीला दिल्लीत आली, त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायका आल्या. हिंदी येत नाही, थंडी माहीत नाही, शेजारीण नाव ऐकून आडनाव विचारते आणि आडनाव ऐकून गप्प होते. त्या बायकांनी कसं निभावलं, ते आई घरोघर जाऊन विचारून यायची आणि त्याच दुपारी टाइप करून टाकायची. नेताजी नगर, सरोजिनी नगर, कुठे कुठे बस बदलत जायची. आमच्यासारखी अशी बरीच घरं टाइप-टू, म्हणजे खालच्या श्रेणीच्या, सरकारी क्वार्टरमधे राहिली होती, म्हणून पुस्तकाचं नाव ‘टाइप-टू’. नागपूरचे भालचंद्र रामटेके नावाचे छोटे प्रकाशक ते छापायला तयार झाले होते, पण एका अटीवर. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि परत जाताना पिशव्या भरून पुस्तकं नेतात. रामटेक्यांचा सगळा धंदा त्या एका दिवसावर. पुस्तक त्या दिवशी टेबलावर हवं.

“ताई, शनिवारपर्यंत सीडी हातात पडली तर छापतो,” ते फोनवर म्हणाले होते. “नाहीतर मग पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी बघू याचा अर्थ आईला चांगला कळत होता. तिची बी. ए. याच तीन शब्दांपायी अकरा वर्षं लांबली होती.

आणि नेमक्या त्या आठवड्याच्या रविवारी बाबांनी डिस्क बदलली.

तसं त्यांचं चूक नव्हतं. जुनी डिस्क गच्च भरली होती, मशीन रडतखडत चालत होतं आणि आईची सीडी व्हायच्या आत सगळं नीट करून ठेवू, असा त्यांचा चांगला हेतू होता. नव्या ऐंशी जीबीच्या डिस्कवर आम्ही नवं विंडोज टाकलं, जुनी डिस्क तिच्या शेजारी जोडली. बाबांनी पुन्हा तीन अकाउंट केली, तीच नावं, तेच पासवर्ड. मग मी भाजी आणायला खाली गेले तेवढ्यात त्यांनी जुन्या डिस्कवरचं जुनं विंडोज पुसून टाकलं.

“काय केलंत?” मी पिशवी हातात धरूनच विचारलं.

“वीडिंग,” बाबा समाधानाने म्हणाले. “नवा रेकॉर्ड सुरू झाला की जुना अनावश्यक रेकॉर्ड नष्ट करायचा. आमच्याकडे दर मार्चमधे करतात. फायली ठेवल्यात सगळ्या, फक्त ते विंडोज काढलं. दोन-दोन विंडोज कशाला?”

सोमवारी दुपारी आईने कव्हर काढलं, घडी केली, आपला पासवर्ड टाकला आणि जुन्या डिस्कवरच्या आपल्या फोल्डरवर दोनदा टिचकी मारली. मी संध्याकाळी आले तेव्हा जिन्यात टकटकाट नव्हता. आई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती आणि पडद्यावर एक छोटी चौकट होती. ॲक्सेस डिनाइड.

“श्रावस्ती,” ती म्हणाली, “हे मला आत येऊ देत नाहीये.”

तिचा फोल्डर बाबांनीच कधीतरी ‘प्रायव्हेट’ करून दिला होता. ‘तुझ्या कामाला कुणाचा हात लागायला नको,’ असं म्हणून. मी तिच्या अकाउंटवरून बघितलं, माझ्यावरून बघितलं, बाबा आल्यावर त्यांच्या ॲडमिनिस्ट्रेटरवरून बघितलं. चौकट हलेना.

“नाव तेच आहे, पासवर्ड तोच आहे,” बाबा म्हणाले. “मग त्याला हरकत काय आहे?”

हरकत अशी होती की कॉम्प्युटर नावाने माणूस ओळखतच नाही. अकाउंट केलं की तो त्याला आतल्या आत एक लांबलचक नंबर देतो आणि कुलूप त्या नंबराच्या नावाने लावतो. नव्या विंडोजवर केलेली ‘प्रभावती’ त्याच्या लेखी दुसरीच कुणी बाई होती. जुन्या प्रभावतीला जुनं विंडोज ओळखत होतं आणि ते बाबांनी रविवारी वीडिंगमधे काढलं होतं. मी हे सगळं तावातावाने समजावून सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी आहे, हे सांगणारंच कुणी उरलं नाही,” आई म्हणाली आणि उठून कणीक मळायला गेली. तिने त्या रात्री बाबांना एक शब्दही बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मशीन आता मधेच मरायलाही लागलं. काहीतरी करत असावं आणि अचानक पडदा काळा, मग सुरुवातीपासून सगळं. मी अँटिव्हायरस चालवला, तो संपायच्या आत मशीन बंद. रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवली. वायर बदलली. विंडोजला शिव्या दिल्या, नेहरू प्लेसच्या दुकानदाराला दिल्या, मनातल्या मनात बाबांनाही दिल्या. कॉलेजात धीरज नावाचा एक मुलगा स्वतःला हार्डवेअरचा बाप समजायचा, त्याने फोनवर सांगितलं की मदरबोर्ड गेला. ते ऐकून मी फोनच आपटला.

बुधवारी संध्याकाळी मी टेबलाखाली डोकं घालून बसले होते. जिन्यातून नेहमीची आरोळी आली, “पानी आ गया!” आमच्याकडे पाणी सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ यायचं आणि दाब इतका कमी की जिन्याखाली प्रत्येक घराची मोटर लावलेली. आई हातातलं टाकून बटणाकडे धावली. खाली एका पाठोपाठ एक मोटरी घुरघुरल्या, खोलीतला दिवा किंचित मंद झाला आणि माझ्या नाकासमोर कॉम्प्युटर खट् करून बंद पडला.

मी टेबलाला डोकं आपटून बाहेर आले. “आई! सोमवारी कधी बंद पडला होता?”

आईने क्षणभर विचार केला. “मी टाकी भरायला उठले होते.”

तर हे होतं. आठ मोटरी एकदम सुरू झाल्या की जिन्यातल्या विजेचा जीव जायचा. एक डिस्क असताना मशीन ते कसंबसं सोसत होतं, आता दोन डिस्क ओढताना त्याला दम लागत होता. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मागच्या उन्हाळ्यातच गेली होती आणि त्याचा उपयोग आम्ही फुलदाणी ठेवायला करत होतो. मला इतकं हसू आलं की आई घाबरली.

क्रॅशचं कोडं सुटलं, पण फोल्डर बंदच. गुरुवारी मी कॉलेज बुडवून मार्केटमधल्या सायबर कॅफेत बसले. तिथे परदेशातले लोक एकमेकांना असल्याच अडचणी विचारत बसलेले सापडले आणि त्यांच्याकडून एक वाट कळली. कॉम्प्युटर ‘सेफ मोड’मधे सुरू करायचा. म्हणजे फक्त हाडं-हाडं जागी, बाकी सगळं झोपलेलं. तिथे फोल्डरवर एक जास्तीचं पान दिसतं. त्यावर मालकाचं नाव असतं आणि ॲडमिनिस्ट्रेटर असलेला माणूस ती मालकी स्वतःकडे घेऊ शकतो.

मी धावत घरी आले. पाणी येऊन गेल्यावर बाबांनी खुर्ची ओढली, पासवर्ड टाकला. आधी आपण फोटोंच्या फोल्डरवर करून बघू, असं मी म्हणाले, कारण तोही आईच्याच अकाउंटमधला आणि तसाच बंद होता. ते जास्तीचं पान उघडलं. मालकाच्या जागी आईचं नाव नव्हतं, नुसता लांबच्या लांब नंबर होता. त्याच्या खाली नव्या विंडोजवरच्या मालकी घेऊ शकणाऱ्यांची यादी, तिच्यात ‘शामराव’. बाबांनी त्यावर टिचकी मारली, ‘ओके’ दाबलं आणि फोल्डर उघडला. आईच्या माहेरचे फोटो, सेलूच्या घरासमोरची बाभूळ, तिची आई, मामा, सगळे एका रांगेत आले.

“झालं!” बाबा म्हणाले. आठवड्यात पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले. “चल, आता तुझा.”

आई त्यांच्या मागे उभी होती. ती फोटोंकडे बघत नव्हती.

“आता हा कुणाचा झाला?” तिने विचारलं.

“कोण?”

“हा फोल्डर. मालक कोण लिहिलंय आता?”

बाबांनी बघितलं. “माझं नाव आहे. पण ते नुसतं तांत्रिक—”

“माझ्या माहेरचे फोटो,” आई म्हणाली. “थांबा. पुस्तकाचा तुम्ही घ्यायचा नाही.”

“अगं, घेतोय कुठे? मी उघडतो आणि तुला देऊन टाकतो.”

आता मला बोलावं लागलं. “बाबा, देता येत नाही. मी वाचलंय. या विंडोजमधे मालकी ज्याची त्याला स्वतः घ्यावी लागते. दुसऱ्याला द्यायची सोयच नाही त्याच्यात.”

बाबा माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच ती सोय काढून घेतली होती.

“मग मी घेते,” आई म्हणाली.

“तुला नाही घेता येणार. तुझं अकाउंट लिमिटेड आहे.”

हे ते अगदी साधेपणाने बोलले, जसं ऑफिसात एखाद्याला सांगावं की ही फाइल तुमच्या टेबलाची नाही. पण आईचा आवाज चढला आणि आवाज चढला की तिच्या बोलण्यात वर्धा यायची.

“काहून? काहून लिमिटेड? फ्लॅट तुमच्या नावावर, गॅस तुमच्या नावावर, फोन तुमच्या नावावर. रेशनकार्डावर मी पत्नी. मी कधी काही म्हटलं? म्हटलं असंल तर सांगा. एवढी एकच गोष्ट आहे या घरात, जी मी केली आणि माझ्या नावावर होती. त्याच्यावर आता तुमचं नाव येणार आणि मी तुमच्या परवानगीने माझंच पुस्तक वाचणार?”

“प्रभा, शनिवार परवावर आलाय,” बाबा हळू म्हणाले. “पुस्तक बाहेर येणं महत्त्वाचं की—”

“नाही येणार तर नाही येऊ द्या.”

मी मधे पडून म्हणाले, बाबा, तिला ॲडमिनिस्ट्रेटर करा ना, दोन मिनिटांचं काम आहे. बाबांनी चष्मा काढून पुसला. “एका सेक्शनला दोन सेक्शन ऑफिसर नसतात,” ते म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. मग ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले आणि समोरच्या लोणच्याच्या बरण्यांकडे बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, त्या बाल्कनीत त्यांना काहीतरी खरंच अवघड जात होतं. आयुष्यभर ज्या शिस्तीने त्यांना वाचवलं, तीच घरात कुणाच्यातरी आड येत होती आणि ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

शुक्रवारी बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. अर्धी रजा! आजोबा आजारी असतानासुद्धा त्यांनी पूर्ण रजेचा अर्ज आठ दिवस आधी दिला होता. जिन्यातून भराभर वर आले, बूट काढले, आणि लाइट गेली.

पूर्व दिल्लीतली लाइट. दुपारभर आली नाही. आई हातपंखा घेऊन पलंगावर पडून राहिली, बाबा बनियनवर कॉम्प्युटरसमोर बसून राहिले, मी दर थोड्या वेळाने बाल्कनीत जाऊन समोरच्या ब्लॉकमधे पंखा फिरतोय का ते बघत राहिले. कुरिअरवाला रात्री आठला शटर ओढायचा. संध्याकाळी शेवटी फ्रीज गुरगुरला, पंखे फिरले, सगळ्या सोसायटीतून ‘आ गई’ असा ओरडा झाला.

बाबांनी मशीन सुरू केलं. आईला म्हणाले, “इकडे ये, बस.” तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि पासवर्ड टाकला. या वेळी हात झाकला नाही, मला तोंड फिरवायला सांगितलं नाही. (पासवर्ड आईच्या गावाचं नाव होतं. मी इतकी वर्षं बाबांची जन्मतारीख धरून चालले होते.) मग त्यांनी ‘प्रभावती’ उघडलं, ‘लिमिटेड’ वरचा ठिपका काढून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ वर ठेवला आणि खुर्चीतून उठले.

“बस,” ते म्हणाले. “आता तुला माझी गरज नाही.”

आई स्टुलावरून उठली. पदराने हात पुसले आणि खुर्चीवर बसली. मी मशीन सेफ मोडमधे सुरू करायला घेतलं आणि तेवढ्यात जिन्यातून आरोळी आली, “पानी आ गया!”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मालकी बदलायला आणि सगळ्या फायली नव्या डिस्कवर ओढायला पाव तास तरी लागणार होता. मधेच मशीन मेलं तर अर्ध्या बदललेल्या फायलींचं काय होईल ते मलाही सांगता येत नव्हतं. आणि पाणी जायची वाट बघत बसलो असतो तर पाठोपाठ लाइट पुन्हा गेली असती. तेव्हा तिचा काही नेम नव्हता.

बाबा बनियनवरच बाहेर धावले. आमचे बाबा, जे शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय दूध आणायला जात नसत. मी दारातून वाकून बघितलं. ते जिन्याखाली मोटरींसमोर दोन्ही हात पसरून उभे होते.

“सब लोग प्लीज अभी मोटर मत चलाइए,” ते ओरडत होते. “बस पंद्रह मिनट!”

पहिल्या मजल्यावरचे सबरवालजी बनियन-पायजम्यात बाहेर आले. “गजभिये साहब, पानी आता ही आधा घंटा है! मेरे यहाँ मेहमान हैं!”

“मैं जानता हूँ, भाई साहब. मेरी टंकी भी खाली है.”

“तो बात क्या है?”

बाबांनी एकदा वर आमच्या दाराकडे बघितलं. या सोसायटीत त्यांनी कुणाकडे साखरसुद्धा मागितली नव्हती. कुणी उपकार केलेले त्यांना चालत नसत, त्याची कारणं त्यांना खेड्यातून येताना बरोबर आणावी लागली होती.

“मेरी वाइफ ने किताब लिखी है,” ते म्हणाले. “कंप्यूटर में है. मोटर चली तो मशीन बंद हो जाएगी. किताब चली जाएगी.”

वरच्या मजल्यावरून ग्वाल्हेरच्या अलकनंदा काकू कठड्यावरून वाकल्या. “प्रभावतीबाईंनी पुस्तक लिहिलंय? आणि आम्हाला पत्ताच नाही! अहो सबरवालजी, एक दिन मत नहाओ, क्या बिगड़ जाएगा!” लोक हसले. सबरवालजीही हसले आणि जिन्याच्या पायरीवर बाबांशेजारी बसले. आठ घरांच्या आठ मोटरी बंद आणि नळातून दोरीएवढी धार.

मी आत आले. आईने स्वतःच आपला पासवर्ड टाकून ते जास्तीचं पान उघडलं होतं. मालकाच्या जागी तो लांबलचक नंबर. खाली यादीत नावं, शामराव आणि प्रभावती, एकाखाली एक.

“यावर ना?” तिने विचारलं.

“हो.”

तिने माउस घट्ट धरला होता. ‘प्रभावती’वर टिचकी मारली. खालच्या चौकोनात खूण केली. ‘ओके’ दाबलं. मग एक पट्टी हळूहळू सरकू लागली आणि आतल्या एकेका फायलीचं नाव झरझर दिसू लागलं, सरोजिनी नगरच्या बायका, नेताजी नगरच्या बायका, हिवाळा, रॉकेलची रांग, पहिली जयंती. आई ओठ हलवत ती नावं वाचत होती. पट्टी संपली आणि फोल्डर उघडला.

मी ओरडणार होते, पण आईने हात धरला. तिने सगळं नव्या डिस्कवर ओढून घेतलं, एक फाइल उघडून शेवटचं पान बघितलं, पुन्हा बंद केली. मग दाराबाहेर जाऊन जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकली.

“अहो! झालं! सोडा पाणी!”

एकदम बाकीच्या सात मोटरी घुरघुरल्या आणि आमचा कॉम्प्युटर खट् करून बंद पडला. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. पाणी गेल्यावर पुन्हा सुरू केला. सगळं होतं. सीडी केली आणि मी धावत जाऊन कुरिअरवाल्याचं अर्धं ओढलेलं शटर वर ढकललं.

मी परत आले तेव्हा आई फोल्डरसमोर बसली होती आणि बाबा दारात उभे होते. हातात रिकामी बादली. गडबडीत आमची मोटर लावायची राहूनच गेली होती, टाकीत पाणी आलंच नव्हतं.

“प्रभा,” ते म्हणाले, “मी वाचू का?”

इतक्या वर्षांत बाबांना या घरात कशाची परवानगी मागताना मी ऐकलं नव्हतं. आईने वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती अशी सहजासहजी सोडणारी नव्हती.

“छापून आल्यावर विकत घ्या,” ती म्हणाली.

दसऱ्याला आम्ही तिघं नागपूरला गेलो. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांची टेबलं दूरवर लागली होती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं पोराबाळांना कडेवर घेऊन पुस्तकं चाळत होती. रामटेक्यांनी आईला टेबलामागे खुर्ची दिली होती. दुपारपर्यंत तिच्यासमोर छोटी रांग लागली. बऱ्याचशा बायकाच. ती मान खाली घालून सह्या करत होती. प्रत्येकीला विचारायची, नाव काय लिहू? आणि लिहून द्यायची.

मला बाबा बराच वेळ दिसले नाहीत. मग दिसले. ते रांगेत उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, हातात पुस्तक. कुणालाही सांगितलं नव्हतं की मी तिचा नवरा आहे, आणि पुढच्या बाईच्या हातातलं बाळ त्यांच्या चष्म्याशी खेळत होतं. रांग सरकत सरकत त्यांचा नंबर आला. त्यांनी पुस्तक उघडून आईसमोर ठेवलं.

“नाव काय लिहू?” आईने वर न बघता विचारलं.

“शामराव गजभिये,” बाबा म्हणाले.

आईचं पेन थांबलं. तिने वर बघितलं नाही, पण तिने आवाज ओळखलाय हे तिच्या मानेवरून मला कळलं. मग तिने ते नाव सावकाश, नीट अक्षरात लिहिलं आणि त्याच्या खाली स्वतःचं.

बाबांनी शाई वाळू दिली, पुस्तक पिशवीत ठेवलं. “थँक यू, मॅडम,” ते म्हणाले आणि मागे रांग होती म्हणून बाजूला झाले.